पाठ फिरवलेलं गिऱ्हाईक

आमच्या वेबसाइटचा पत्ता रिक्षाच्या मागे मावला नाही, तिथेच मला कळायला हवं होतं की हे प्रकरण धड जाणार नाही. सहदेवने इंटरनेटवर फुकटात मिळणारी जागा घेतली होती. त्यामुळे पत्ता लांबलचक, मध्ये दोन तिरक्या रेघा आणि एक नागमोडी. पेंटरने तीन डब्ल्यू एवढे मोठे काढले की पुढचं सगळं मडगार्डवर गेलं, आणि ती नागमोडी रेघ त्याने स्वतःच्या अकलेने गाळली. "ताई, ती रेघ बरी दिसत नव्हती," म्हणाला. त्या रेघेशिवाय जगातला एकही कॉम्प्युटर आमच्या दारात येणार नव्हता, पण हे त्याला समजावणार कोण. रिक्षा सगळा मे महिना ठाण्यात फिरली. रिक्षावाला सांगायचा, लोक मला विचारतात ही शाळा इंग्लिश मीडियम आहे का.

हे सगळे उपद्व्याप मी आईसाठी करत होते, नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात.

आम्ही कोलशेतचे कोळी. खाडीत मासा राहिला नाही तसा गावातल्या बऱ्याच बायकांनी सुक्या मासळीचा धंदा धरला. माझी आई, सगुणा, उत्तनहून बोंबील, सोडे, जवळा आणायची आणि ठाण्यात बाजाराच्या रस्त्याकडेला टोपली घेऊन बसायची. मी जन्मायच्या आधीपासून तिची ती एकच जागा. आदल्या वर्षी रस्ता रुंद झाला आणि सुक्यावाल्या बायकांना एका नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ओटे मिळाले. ओटे छान होते, पांढऱ्या लाद्यांचे, वर पंखासुद्धा. फक्त गिऱ्हाईक नव्हतं. खालून जाणाऱ्याला वर मासळी आहे हे कळायचं नाही, आणि ज्याला कळायचं त्याचे गुडघे दुखत असायचे. एकेक बाई कंटाळून घरी बसली. वर उरल्या तिघी, त्यातली एक माझी आई.

आता या धंद्यात अशी गोष्ट आहे की सगळं वर्ष आगोटीवर चालतं. पाऊस लागायच्या आधी लोक चार महिन्यांची सुकी मासळी घरात भरून ठेवतात, तीच आगोट. आईने सवयीने नेहमीएवढा माल उचलला. आमची आतली खोली छतापर्यंत भरली. पावसाळी हवा लागली की हा माल मऊ पडतो, बुरा धरतो, मग तो कुणी फुकटही नेत नाही.

"यंदाचा माल गेला तर गेला," आई एकदा जेवताना म्हणाली. "नायतर मी टोपली पालथी घालते."

टोपली पालथी घालणं म्हणजे धंदा बंद. हे ती इतक्या हळू बोलली की मला आधी नीट ऐकूच आलं नाही. माझी आई हळू बोलणारी बाई नाही. बाबा गेले त्या वर्षीसुद्धा ती टोपलीपाशी बसून रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकाशी भांडत होती. ही बाई घरात गप्प बसली तर जगायची नाही, हे मला दिसत होतं, आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसायचे. तिथे सगळे एकच बोलत होते, आता धंदा इंटरनेटवर जाणार, दुकानं बंद पडणार. मी म्हटलं, आपलं दुकान तर आधीच बंद पडतंय, आपण पहिला नंबर लावू. माझ्याबरोबर कॉम्प्युटरचा क्लास केलेल्या सहदेवने नौपाड्यात सायबर कॅफे उघडलं होतं. तो वेबसाइट बनवून द्यायला एका पायावर तयार झाला, कारण त्याने तोवर एकही बनवली नव्हती.

नाव त्याने ठेवलं 'ठाणे ड्राय फिश एक्स्पोर्ट्स', इंग्रजीत. मी म्हटलं, सगुणा नाव टाक. तो म्हणाला, "अगं मंदाकिनी, ग्लोबल वाटलं पाहिजे." फोटो कुठूनतरी एका मोठ्या जहाजाचा घेतला. आमच्या घरात शेवटची होती ती वल्ह्याची होडी, आणि तीही विकून झाली होती. जहाजाच्या खाली लाल अक्षरं उघडझाप करत होती. बघून डोळे दुखायला लागायचे.

भाव टाकायची वेळ आली तशी मी आईला घेऊन गेले. तिने चपला बाहेर काढल्या, खुर्चीच्या टोकाला बसली आणि पदर सावरून स्क्रीनकडे बघत राहिली.

"काकी, बोंबलाचा रेट काय टाकू?" सहदेवने विचारलं.

"गिऱ्हाईक कोण हाय?"

"कोणीपण. अमेरिकेतला, दुबईतला, कोणीपण येऊ शकतो."

"मंग भाव कसा सांगू? तोंड तं दिसायला हवा."

"आये, तोंड दिसत नाही यात," मी म्हटलं. "एकच भाव लिहायचा, तो सगळ्यांना. सांग पटकन, तासाचे पैसे लागतात."

आईने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी जणू तिला देवळाबाहेर चपला राखायला बसवलंय. मग जहाजाकडे बघत तिने एकेका जिनसाचा भाव सांगितला आणि मी तो टाइप केला. मला काय कळत होतं. मी टोपलीपाशी कधी बसलेच नव्हते. आईनेच बसू दिलं नाही. लहानपणी एकदा तिच्याशेजारी जाऊन बसले तर तिने हाताला धरून उठवलं होतं. म्हणाली, हाताला वास लागला की शाळेतल्या पोरी लांब बसतात, तू घरी जाऊन अभ्यास कर. मी केला. त्या अभ्यासाचा हा असा उपयोग चालला होता.

मग सुरू झाली जाहिरात. रिक्षाचं सांगितलंच. त्यानंतर मी हँडबिलं छापली आणि पेपरवाल्याला पैसे देऊन डोंबिवलीत सकाळच्या पेपरांत घातली. डोंबिवलीच का, तर तिथे शिकलेले लोक, घराघरात कॉम्प्युटर आलेले, अर्ध्यांची पोरं परदेशात. माझा हिशोब पक्का होता. फोन नंबर शेजारच्या मालूमावशीचा दिला होता, आमच्याकडे फोन नव्हता. पहिला फोन आला तो एका आजोबांचा. त्यांची सगळी सोसायटी शाकाहारी होती आणि चतुर्थीच्या सकाळी बोंबलाचं चित्र त्यांच्या देवघरापर्यंत पोचलं होतं. ते शुद्ध मराठीत मालूमावशीला इतकं बोलले की तिने मला ऐकवताना हात जोडले. दुसऱ्या फोनवर एकाने विचारलं, कॉम्प्युटर रिपेरिंगचे किती घेता.

ज्यांच्या घरी कॉम्प्युटर होता त्यांच्या घरी बोंबील शिजत नव्हता, आणि ज्यांच्या घरी बोंबील शिजत होता त्यांनी कॉम्प्युटर बँकेत लांबून पाहिलेला. माझी चिडचिड व्हायला लागली. ऑफिस सुटलं की मी सहदेवकडे जायचे आणि तो मला आकडा दाखवायचा. पानाच्या तळाशी एक आकडा होता, कोणी येऊन पान उघडलं की एकाने वाढायचा.

"हिट्स बघ, हिट्स," तो म्हणायचा. "लोक येतायत ना."

"येतायत आणि जातायत. माल कुठे जातोय?"

"टाइम लागतो यार. बाहेर कंपन्या दोन-दोन वर्षं तोट्यात चालवतात."

"त्यांच्या मालाला बुरा येत नाही," मी म्हटलं.

त्याने पानावर एक गेस्टबुक पण लावलं होतं, आलेल्याने चार ओळी लिहाव्या म्हणून. त्यात लोक लिहायचे मात्र मनापासून. न्यू जर्सीहून कोणीतरी लिहिलं, सोड्यांची खिचडी आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं. मस्कतहून एकाने लिहिलं, वा वा, आपल्या माणसांनी पुढे यावं. पाणी आलं, वा वा झालं, पण अर्धा किलो द्या असं एकाही मायेच्या पुताने लिहिलं नाही. मी ते वाचायचे आणि मला वाटायचं, यापेक्षा ते शाकाहारी आजोबा बरे, निदान काय ते स्पष्ट बोलले.

जूनची चाहूल लागली. दुपारी आभाळ भरून यायचं, पाऊस पडायचा नाही, नुसती चिकचिक. आई सकाळी आतल्या खोलीत जाऊन एक बोंबील मोडून बघायची. कट्कन आवाज आला की ठीक. एके दिवशी आवाज आला नाही. तिने तुकडा तोंडात टाकला आणि टोपली भरून वरच्या मजल्यावर बसायला गेली.

त्याच दिवशी संध्याकाळी गेस्टबुकात नवी ओळ दिसली, इंग्रजी अक्षरांत मराठी. 'कोपरहून लिहितोय. आमची आई म्हणते, या भावात तर पापलेट येईल, लुटायला बसलेत.' मी चिडून पान वर सरकवलं तर तसंच आधीच्या दोघातिघांनीही लिहिलेलं सापडलं, गोड शब्दांत, इंग्रजीत, म्हणून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी घरी गेले आणि चपलासुद्धा न काढता आईला विचारलं.

"आये, तू भाव काय सांगितलास त्या दिवशी?"

"सांगायचा भाव सांगलाय."

"म्हणजे?"

"म्हंजे सांगायचा. द्यायचा निराला."

"म्हणजे दुप्पट?"

"मंग काय तोंड उघडल्याबरोबर निम्मा सांगू? माझा माल काय सडलेला हाय?" आता तिचा आवाज चढला. "शेवटचा भाव पयल्यांदा कोण सांगतो गो? लोकांना वाटंल, काहीतरी खोट हाय. ते कमी मागतील, मी नाय बोलेन, मंग ते पाठ फिरवून जातील, मंग मी हाक मारेन, मंग भाव ठरंल. तुला एवढा पन ठावं नाय?"

मला एवढं पण ठावं नव्हतं. मी कपाळावर हात मारून घेतला.

"किती जन गेले पाठ फिरवून?" तिने विचारलं.

मी आकडा सांगितला. तिची समजूत होती दोन-चार असतील. ती पाटावरून उठली.

"एवरी मानसां आली? आणि तू एकालाबी हाक मारली नाय?"

"आये, त्यात हाक मारता येत नाही."

"मंग असला दुकान उघडला कशाला?"

आम्ही त्या संध्याकाळी खूप भांडलो. मी म्हटलं, उद्या खरा भाव लिहिते आणि मोकळी होते. ती म्हणाली, लिही, मग त्यांच्याशी बोलू काय, थोबाड बघत बसू? मी म्हटलं, लोकांना बोलायचं नसतं, माल हवा असतो. ती म्हणाली, तुझ्या त्या दुकानात एवढी माणसं आली, बोललीस का एकाशी, मिळाला का एकाला माल? हे खरं होतं आणि म्हणूनच मला जास्त राग आला. मी शिकले, नोकरी करते, आणि टोपलीवाल्या बाईने मला धंद्यात गप्प केलं, याचा राग. आणि खोलीतला वास बदलायला लागला होता, त्याचा त्याहून जास्त.

सकाळी मी ऑफिसला दांडी मारून आईला परत सहदेवकडे घेऊन गेले. म्हटलं, चल, मार हाका. गेस्टबुकात ज्यांनी ज्यांनी आपला ईमेल दिला होता त्यांचं लिहिलेलं मी एकेक वाचून दाखवलं आणि आई सांगेल ते टाइप केलं, इंग्रजी अक्षरांत, तिच्याच शब्दांत, खाली मालूमावशीचा फोन नंबर. सहदेव मागे उभा राहून डोकं धरत होता. "अगं, बिझनेस लेटर असं नसतं." आईने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. न्यू जर्सीवालीला तिने सांगितलं, नुसत्या डोळ्यांच्या पाण्याने खिचडी शिजत नाय बाय, सोडे घे. मस्कतवाल्याला सांगितलं, वा वा घरी बायकोला कर. कोपरवाल्याच्या आईचं वाचलं तेव्हा ती खुर्चीवर पुढे सरकली.

"लिव," ती म्हणाली. "लुटायला बसले काय? ये गो बाय, कुठं चाललीस पाठ दावून? भवानीची वेल हाय, नुसता हात लावून जा. पापलेट खाशील एक दिस, माझा बोंबील चार महिने खाशील. तुझ्या तोंडचा भाव सांग. नको सांगू तं मीच सांगते, पन मागं वल."

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती तर आमच्या वेबसाइटची झालीच नव्हती.

आठवड्यात उत्तरं आली. न्यू जर्सीने विचारलं, ही काही व्हायरसची भानगड आहे का. मस्कतवाल्याने आपलं नाव काढून टाकायला सांगितलं. बाकी सगळे गप्प. सहदेव म्हणाला, "बोल्लेलो ना मी." मी त्याच्याशी भांडून बाहेर पडले आणि स्टेशनपर्यंत चालत गेले तरी डोकं शांत होईना. ओळीने सगळीकडे कापडी छत्र्या दुरुस्त करणारे बसले होते. लोकांची पावसाची तयारी झाली होती.

घरी आले तर मालूमावशी दारातच उभी. "सगुणाला फोन हाय. बाई धरून बसलीये, ठेवत नाय."

आईने फोन कानाला लावला आणि पलीकडचा आवाज मला दारातून ऐकू आला.

"सगुणा, तूच ना गं? माझा पोरगा ऑफिसातून कागद घेऊन आला, वाचायला लागला, म्हटलं थांब, ही ओरड माझ्या ओळखीची आहे."

"कोन? रमाबाय?"

ही रमाबाई मला माहीत होती, निदान आईच्या तोंडून. आधी ठाण्यातल्या चाळीत राहायची, मग मुलाने कोपरला जागा घेतली. चौदा एप्रिलची जयंती पार पडली की दर वर्षी आगोटीला यायची, आणि आई घरी येऊन सांगायची की आज रमाबाईने रक्त आटवलं. जयंतीनंतरचा तो दिवस आई वर्षभर बघायची.

"कुठं गेलीस गं तू?" रमाबाई विचारत होती. "आलेले मी. तुझ्या जागेवर रस्ता. एकाला विचारलं, दोघांना विचारलं. म्हटलं, गेली की काय."

"वर हाय मी."

"वर म्हणजे?"

"मेले नाय. दुसऱ्या मजल्यावर हाय."

पलीकडे बाई हसली आणि लगेच म्हणाली, "पण भाव काय लावलास तो? निम्म्याला देणार?"

"निम्म्याला तुला पिशवी देते रिकामी."

मालूमावशीचं जेवण निवेपर्यंत त्या दोघी फोनवर भांडल्या. मी आईकडे बघत उभी होते. तिचा आवाज परत आला होता, तो खालच्या गल्लीत ऐकू जात होता. शेवटी रमाबाईने फोन आपटला. एवढं एक गिऱ्हाईक, तेही घालवलं.

"येल ती," आई पदराने तोंड पुसत म्हणाली. "आपटला म्हंजे येल."

रविवारी मी मुद्दाम वरच्या मजल्यावर गेले. आभाळ काळं झालं होतं. रमाबाई आली, बिल्डिंगमधल्या सातआठ बायकांना घेऊन आली, जिन्याच्या प्रत्येक पायरीला शिव्या देत आली. मला बघून म्हणाली, "तूच का ती शिकलेली? ते जहाज कोणाचं गं?" मग ज्या काही घासाघिशीला सुरुवात झाली ती मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिली. बोंबील मोडून बघितला गेला, नाकं मुरडली गेली, एकमेकींच्या माहेराचा उद्धार झाला. आवाज खाली रस्त्यावर गेला असावा, कारण जिन्यातून अनोळखी माणसं डोकावायला लागली. वर काय चाललंय, असं विचारत चार बायका आल्या. बाकीच्या दोघी सुक्यावाल्यासुद्धा उठून हाका मारायला लागल्या.

सगळा माल काही गेला नाही. आतल्या खोलीतला निम्मा तसाच होता आणि त्याला आता दिवस थोडे होते. वेबसाइटचा आकडा त्या दिवशी किती झाला ते मी बघितलं नाही. माझ्या मनात एवढंच आलं की इतका खटाटोप, रिक्षा, हँडबिलं, जहाज, आणि शेवटी जी आली ती जुनीच. मला रडू येईल असं वाटलं, ते आनंदाचं होतं की वैतागाचं, मला नाही सांगता येणार.

आई तराजू धरून रमाबाईसाठी जवळा तोलत होती. दोन्ही हात गुंतलेले, घसा बसलेला. इकडे टोपलीच्या या बाजूला एक नवीन बाई सोड्यांना हात लावून उभी होती. तिने भाव विचारला, आईने सांगितला, तिने मान हलवली आणि पाठ फिरवली. जिन्याकडे चालायला लागली.

मी आईकडे पाहिलं. आईने तराजूवरून नजर काढली नाही.

"मंदा," ती बसलेल्या आवाजात म्हणाली, "ती चालली बघ."

"मग मार ना हाक."

"माझा घसा गेलाय. बस इथं."

जिथून तिने मला हाताला धरून उठवलं होतं तिथेच ती मला बस म्हणत होती. मी पर्स खांद्यावरून काढली आणि टोपलीमागे बसले. बाई पहिली पायरी उतरली. तोंडातून आवाज फुटेना. मग फुटला तो फारच मोठा फुटला, रमाबाईसुद्धा दचकली.

"ये गो बाय, कुठं चाललीस पाठ दावून?"

बाई दुसऱ्या पायरीवर थांबली. वळली मात्र नाही. तिला अजून एक हाक हवी होती.